ताई, सांगितलं तर कोणाकोणाला कळतं?

मुंबईतल्या शाळांचे सर्व मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, पालक-शिक्षक संघाचे सभासद आणि परिवहन समितीवर असणारे सर्वजण यांस,

स. न. वि. वि.

मी शाळेच्या बसवर ताई आहे. अटेंडंट हा कागदावरचा शब्द. मुलं ताई म्हणतात, अगदी लहान असतात ती मावशी म्हणतात. अकरा वर्षं झाली. राहायला भांडुपला, पहाटे साडेपाचला घर सोडते, आणि कांजूरमार्ग ते मुलुंड या पट्ट्यातली ४२ मुलं रोज दोन वेळा माझ्या हाताला धरून चढतात-उतरतात. वळणावर कोणाला मळमळतं, कोणाचा डबा रोज अर्धा परत जातो, कोणाला न्यायला हल्ली आईऐवजी आजोबा येतात, हे मला त्यांच्या वर्गशिक्षकांच्या आधी कळतं. मी एक गोष्ट पाहिली आणि पाहूनही गप्प बसले, ती तुम्हांला सांगायची आहे. म्हणून सांगणारी कोण, ते आधी लिहिलं.

शाळेचं नाव मी लिहिणार नाही. मुलांची नावं तर नाहीच नाही. का नाही, ते पत्र वाचल्यावर कळेल.

मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून सोनापूरच्या सिग्नलला आमची दुपारची बस दहा-बारा मिनिटं सहज अडकते. पाऊस असला तर वीस. इंजिन घरघरत असतं, काचा बंद, आत ओल्या बुटांचा आणि उरलेल्या डब्यांचा वास. मी पुढे दाराशी असते. त्या वेळात मागच्या लांब सीटवर काय चाललंय ते दाराशी बसलेल्या माणसाला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. आणि ऐकू येतं ते हसणं. मुलं हसतायत, म्हणजे बरं चाललंय, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

सहावीतला एक मुलगा आहे. बोलताना अडखळतो. 'क' आणि 'प' या अक्षरांवर जास्त. त्याला उतरायचं असतं कांजूरला. आठवीतल्या तिघांनी खेळ काढला होता. स्टॉप जवळ आला की त्याची बॅग मागे ओढून घ्यायची आणि म्हणायचं, "स्टॉपचं नाव सांग, मग देतो." तो "क... क..." करत राहायचा, आणि तेही त्याच्याबरोबर तालात "क, क, क". बस थांबलेली, मागे रिक्षांचे हॉर्न, ड्रायव्हरकाका आरशातून माझ्याकडे बघतायत. आणि मी दारातून ओरडायचे, "चल रे लवकर! रोज तुझाच उशीर!"

जून ते गणपती. इतके दिवस मी त्या मुलाला हे ऐकवलं. तो बॅग छातीशी धरून माझ्या समोरून उतरायचा, मान खाली. मला वाटायचं, मुलगा जरा मंद आहे. एकदा तर त्याच्या आईलाही म्हटलं, "याला जरा आवरायला शिकवा हो, सगळ्यांचा खोळंबा होतो." त्या माउलीनं मलाच सॉरी म्हटलं. तो शेजारी उभा होता. तेव्हाही काही बोलला नाही.

गणपतीच्या सुट्टीनंतर सातवीतली एक मुलगी पुढे, माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसायला लागली. आधी ती मागून तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसायची. मला वाटलं, उलटीचा त्रास होत असेल. तीन-चार दिवसांनी, गळ्यातल्या आयकार्डची पट्टी बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत तिनं विचारलं, "ताई, सांगितलं तर कोणाकोणाला कळतं?"

"काय सांगितलं तर?"

"असंच. कोणी कोणाला त्रास देत असेल, आणि आपण जाऊन सांगितलं तर. फक्त टीचरला कळतं, की वर्गालापण? ज्यांनी केलं त्यांना कळतं का, कोणी सांगितलं ते? मम्मीला फोन जातो का?"

माझी विनंती आहे, तिचे प्रश्न पुन्हा एकदा वाचा. "सांगू का?" असं तिनं कुठेच विचारलेलं नाही. सांगायला हवं हे तिला माहीत होतं. मूल्यशिक्षणाच्या तासाला ते झालेलं असतं, शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. ती बारा वर्षांची पोर हिशेब मांडत होती. सांगितल्यावर बात कुठून कुठे जाईल, वाटेत कोणाच्या हाती लागेल, आणि शेवटी कोणाच्या दारात येऊन पडेल. आपण मोठी माणसं मुलांना "धीट व्हा" म्हणतो. तिला धीर नव्हे, माहिती हवी होती. आणि ती माहिती माझ्याकडे नव्हती. अकरा वर्षं शाळेच्या बसवर काम करून मला ठाऊक नव्हतं की आमच्या शाळेत एखाद्या मुलानं काही सांगितलं तर पुढे नेमकं काय होतं.

मी म्हटलं, "तू नको काही बोलू. मी बघते."

दुसऱ्या दिवशी सोनापूरला बस अडकल्यावर काच लावायच्या निमित्तानं मी मागे जाऊन उभी राहिले. अजून कोणी त्याला हात लावला नव्हता. तिघं मोबाइलमधल्या कुठल्याशा खेळाबद्दल बोलत होते. तो मुलगा मात्र तयार होऊन बसला होता. बॅग पाठीला नव्हे, पुढून अडकवलेली, दोन्ही पट्टे खांद्यावर, वरून दोन्ही हातांची मिठी. आणि ओठ हलत होते. आवाज नाही. मी वाकून काच ओढता ओढता बघितलं. तो "कांजूर, कांजूर" असा सराव करत होता. कांजूर यायला अजून अर्धा तास होता.

इतकं बघून मी काय केलं असेल? काही नाही. नऊ दिवस.

माझी कारणं लिहिते, कारण तीच कारणं तुमच्या शाळेतल्या शिपाईकाकांची आहेत, मावशींची आहेत, आणि रागावू नका, शिक्षकांचीही आहेत. मी शाळेची नोकर नाही, कंत्राटदाराची आहे. दुसऱ्या बसवरच्या एका ताईनं मागे एका मुलाबद्दल तक्रार केली होती, पुढच्या जूनला ती बसवर नव्हती. का, ते कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही कोणी विचारलंही नाही. त्या तिघांतल्या एकाचे वडील शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढच्या रांगेत असतात. मला आईनं शिकवलेलं, आपण बरं आणि आपलं काम बरं. आणि सगळ्यांत अवघड कारण वेगळंच होतं. त्या तिघांतला एक पहिलीत असताना रोज दुपारी माझ्या मांडीवर झोपून घरी जायचा. त्याच्या केसांना शाळेतल्या खडूचा वास यायचा, तो मला अजून आठवतो. त्याच्याबद्दल जाऊन सांगायचं? पोरगं वाईट नाही, होईल शहाणं, असं मी मनाशी घोकत राहिले.

पंचेचाळिशीच्या बाईला, जिला कोणी वर्गात वाळीत टाकणार नाही, जिची परीक्षा नाही, तिला नऊ दिवस लागले. मग सातवीतल्या मुलीकडून आपण काय मागतोय?

दहाव्या दिवशी गेटवर वर्गशिक्षिका भेटल्या, त्यांना सगळं सांगितलं. टीचर मनानं चांगल्या आहेत. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. आणि सांगता सांगता मी ती चूक केली जिच्यासाठी हे पत्र लिहावं लागलं. मला वाटलं, माझ्या एकटीच्या शब्दाला कोण विचारणार? म्हणून मी त्या मुलीचं नाव घेतलं. "हवं तर तिला विचारा, तिनंही पाहिलंय."

टीचरनी वेळ दवडला नाही. त्याच दिवशी आठवीच्या वर्गावर गेल्या आणि म्हणाल्या, बसमध्ये काय चालतं ते सगळं मला कळलंय, बसताईंनी सांगितलंय आणि सातवीतल्या अमुकनंही पाहिलंय, तेव्हा खोटं बोलायचं नाही. मग सहावीच्या वर्गात जाऊन त्या मुलाला सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, "बोल, कोण कोण त्रास देतं तुला?" जो मुलगा एका स्टॉपचं नाव घ्यायला घाबरतो, त्याला साठ मुलांसमोर तीन नावं घ्यायला लावली.

सोमवारी ती मुलगी बसमध्ये चढली तेव्हा तिच्या पाण्याच्या बाटलीवर काळ्या मार्करनं 'खबरी' लिहिलेलं होतं. तिनं ते घासून पुसायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे शब्द फक्त फिका झाला होता. कोणी तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. तिच्या शेजारची सीट रिकामी राहू लागली, इतकंच. तिच्या मैत्रिणीही दुसरीकडे बसल्या. त्यांना तिचा राग नव्हता, त्यांनाही आपल्या बाटलीवर काही लिहिलेलं नको होतं. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तासाभरात विचारणा सुरू झाली, सांगितलं कोणी, कोणाची मुलगी, तिचा काय संबंध. मला एका आईनं ते दाखवलं. खाली बोट सरकवत मी शेवटपर्यंत गेले. त्या मुलाला आता बरं आहे का, हे त्या शंभरेक मेसेजांत एकानंही विचारलं नव्हतं.

एक मात्र प्रामाणिकपणे लिहिलंच पाहिजे. बॅग ओढणं त्या दिवसापासून थांबलं. तिघांच्या पालकांना बोलावलं, तिघांनी माफी मागितली. सांगितल्याचा उपयोग झाला. म्हणून 'सांगून काही होत नाही' असं कोणी म्हणालं तर मी ते ऐकून घेणार नाही. होतं. फक्त त्याची किंमत ज्यांनी त्रास दिला त्यांनी मोजली नाही, आम्ही मोठ्यांनीही मोजली नाही, ती बघणाऱ्या मुलीनं मोजली. दिवाळीनंतर तिनं बस सोडली. आता वडील स्कूटरवर सोडतात.

मी मूळची कुडाळकडची. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एक माणूस पुढे उभा राहतो आणि सगळ्या गावाच्या वतीनं मोठ्यानं देवापुढे म्हणणं मांडतो. त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर मागची सगळी माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा." लहानपणी मला त्यात काही विशेष वाटायचं नाही. आता वाटतं. बोलणारा एकच असतो, पण गाऱ्हाणं कोणाचं हे कोणी विचारत नाही, कारण हुंकार सगळ्यांचा असतो. आमच्या बसमध्ये त्या मागच्या सीटचं हसणं निदान वीस मुलांनी रोज ऐकलेलं होतं. मला नंतर एकेकानं येऊन हळूच सांगितलं, "ताई, आम्हांला माहीत होतं." एकीनं गाऱ्हाणं घातलं आणि मागून "व्हय" म्हणायला एकही आवाज आला नाही.

मुलांना दोष देऊन चालणार नाही. हे आपणच शिकवलेलं आहे. शिशुवर्गातली पोरं दिवसाला शंभर गोष्टी सांगत येतात, टीचर, यानं माझा रबर घेतला, ताई, ही मला चिमटा काढते. आपण कंटाळतो. "चुगल्या सांगू नकोस," म्हणतो, "हाताची घडी, तोंडावर बोट," म्हणतो. मी स्वतः कितीदा म्हटलंय. पाचवीपर्यंत पोरं शिकतात. मग सातवीत आपण त्यांना विचारतो, बोलला का नाहीस?

आणि पालकांनो, मुलानं घरी येऊन सांगितलं, "आज बसमध्ये एकाला त्रास देत होते," की आपला पहिला प्रश्न काय असतो? "तू नव्हतास ना त्यात?" मीही आई आहे, मलाही तोच सुचला असता. पण मुलाच्या कानावर पडतं ते असं की तिथे असणं हाच गुन्हा. पुढच्या वेळी ते सांगत नाही. तो प्रश्न दुसरा विचारा. पहिला विचारा, "मग त्याचं काय झालं?"

शाळेत आठवड्यातून एकदा समुपदेशक ताई येतात. एवढं झाल्यावर मी त्यांना जाऊन भेटले. त्यांनी मला कॅनडातल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, २००१ साली छापून आलेला. टोरांटोच्या शाळांच्या मैदानात कॅमेरे आणि मुलांना छोटे माइक लावून त्यांनी मुलांचं वागणं टिपलं होतं. दादागिरीच्या शंभरातल्या ८८ प्रसंगांत इतर मुलं तिथे हजर होती. मध्ये पडली १९ प्रसंगांत. पण जेव्हा एखादं मूल मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के वेळा, तो त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंद. मला दारापासून मागच्या सीटपर्यंत जायला तेवढेच लागतात.

ताई म्हणाल्या, मध्ये पडायचं म्हणजे भांडायचं असं नाही. शेजारी जाऊन बसायचं. "चल, आपला स्टॉप आला" म्हणून हात धरायचा. हसण्यात सामील व्हायचं नाही. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठानं शाळांसाठी जो कार्यक्रम तयार केला, तो मुख्यतः बघणाऱ्या मुलांवरच बेतलेला आहे, कारण त्रास देणारा बघणाऱ्यांसाठीच ते करत असतो, असं त्या म्हणाल्या. मला हे लगेच पटलं. बस रिकामी असती तर त्या तिघांनी स्टॉपचं नाव विचारलं असतं का?

माझी मुलगी वकिलीचं शिकते. तिनं कायदे काढून वाचून दाखवले. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. रॅगिंग म्हणजे होस्टेल आणि मेडिकल कॉलेज असं माझ्या डोक्यात होतं. पण कायद्यात शब्द 'शैक्षणिक संस्था' असा आहे, आणि विद्यार्थ्याला शरीराची किंवा मनाची इजा होईल, भीती, लाज, संकोच वाटेल असं वागणं, चिडवणं, धमकावणं, थट्टा करणं, सगळं त्यात येतं. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, आणि दुर्लक्ष केलं तर त्यानं गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जातं. आठवीतल्या मुलांना पोलीस ठाण्यात न्यावं असं मला मुळीच वाटत नाही. मांडीवर झोपलेलं पोरगं आहे ते. पण चौकशीला सात दिवस देणारा कायदा आहे, आणि मला तोंड उघडायलाच नऊ लागले, हे ऐकताना मान खाली गेली.

दुसरं तिनं वाचलं ते २०१२च्या पॉक्सो कायद्यातलं. तो लैंगिक अत्याचाराबद्दलचा आहे, आमच्या बसमधल्या प्रकाराशी त्याचा संबंध नाही. पण त्यात एक तरतूद आहे. असा गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे, मूल मात्र त्या शिक्षेतून वगळलेलं आहे. म्हणजे सांगण्याचं ओझं मुलाच्या डोक्यावर द्यायचं नाही, हे कायदा करणाऱ्यांना कळलं होतं. मुलानं सांगितलं तर फार चांगलं, पण सांगायची जबाबदारी आपली.

आता तुमच्याकडे मागणं.

मुलानं सांगितलं की त्याचं नाव त्या एका माणसाच्या पलीकडे जाता कामा नये. वर्गात नाही, स्टाफरूममध्ये नाही, समोरच्या पालकांना तर अजिबात नाही. ही पहिली गोष्ट, आणि ही जमत नसेल तर बाकीच्या करू नका. "कोणी सांगितलं?" असं विचारणाऱ्या पालकाला मुख्याध्यापकांनी शांतपणे म्हणावं, "ते आम्ही सांगत नाही." एवढं एक वाक्य आमच्या शाळेत कोणी म्हटलं असतं तर ती मुलगी आज बसमध्ये असती. साक्षीदार लागतोच असं नाही. टीचर दोन दिवस बसमधून आल्या असत्या तर स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं असतं. मी तेव्हा हे सुचवायला हवं होतं.

ज्याला त्रास झाला त्याला सगळ्यांसमोर उभं करू नका. ज्यांनी दिला त्यांनाही नको. माफी मागायला लावलेली मुलं खोलीच्या बाहेर पडताना कोणाकडे बघतात ते मी पाहिलंय.

आणि ज्यानं सांगितलं त्याला, आठवड्याभरानं, कोणाचं लक्ष नसताना, पुढे काय झालं ते सांगा. नाहीतर ते मूल समजतं की आपण विहिरीत दगड टाकला.

तक्रारपेटीबद्दल. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना समोर आली त्यानंतर, २०२४च्या ऑगस्टमध्ये, सरकारनं शाळांना पुन्हा बजावलं, कॅमेरे लावा, तक्रारपेटी ठेवा, मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमा. आमच्या शाळेत पेटी आहे. ऑफिसच्या बाहेर, शिपाईकाकांच्या स्टुलासमोर, बरोबर कॅमेऱ्याखाली. मी बसमधल्या मुलांना विचारलं, तुम्ही कधी चिठ्ठी टाकली का? एक म्हणाला, "ताई, तिकडे नुसतं उभं राहिलं तरी सगळे विचारतात, काय रे, काय झालं?" ती पेटी तिथून हलवा. पाण्याच्या टाकीपाशी लावा, ग्रंथालयाच्या दाराशी लावा, जिथे मुलं एरवीही थांबतात. आमच्या बसमध्ये १०९८चा स्टिकरही आहे. मुलांसाठीची ही मदतवाहिनी १९९६ साली आपल्याच मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली, चोवीस तास आणि फुकट. मोठ्या संकटात तिचा आधार आहेच. पण रोजच्या बॅग ओढण्यासाठी कोणतं मूल शाळेतून कोणाचा फोन मागून १०९८ लावणार? त्याला जवळचं माणूस लागतं.

मी आता माझ्यापुरतं एक केलंय. हजेरीची वही रोज वेगळ्या मुलाच्या हातात देते आणि ती पूर्ण बसभर फिरते, प्रत्येकजण आपल्या नावापुढे स्वतः खूण करतो. शेवटच्या पानावर कोणी काही लिहिलं तर ते पान मी घरी जाऊन फाडून घेते. वही सगळ्यांच्या हाताखालून गेलेली असते, त्यामुळे लिहिलं कोणी ते कोणालाच कळत नाही, मलाही नाही. आतापर्यंत तीन वेळा काही लिहून आलं. दोन वेळा खिडकीबद्दल होतं. तिसऱ्या वेळी जे होतं ते मी टीचरना सांगितलं, आणि या वेळी कोणाचंही नाव माझ्याकडे नव्हतंच. टीचर दोन दिवस बसनं आल्या.

परिवहन समितीवरच्या मंडळींना वेगळं सांगते. २०११च्या स्कूल बस नियमांनुसार बसवर अटेंडंट हवीच, मुली असतील तर बाईच हवी. त्याच नियमांत तुमची समितीही आहे, मुख्याध्यापक, पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचे अधिकारी, कंत्राटदार, सगळे. बसमध्ये रोज तीन तास मुलांबरोबर असणारी ताई मात्र त्या बैठकीत कधी नसते. तिथे आग विझवायच्या सिलिंडरची तारीख तपासली जाते, प्रथमोपचाराची पेटी उघडून बघितली जाते, आणि ते व्हायलाच हवं. सत्रातून एकदा आम्हांलाही बोलवा. पंधरा मिनिटं पुरतील. आणि कंत्राटदारासमोरच सांगा की मुलांबद्दल काही कळवलं म्हणून कोणत्याही ताईचं काम जाणार नाही. आम्हांला हे लिहून मिळालं तर नऊ दिवस लागणार नाहीत.

त्या मुलाबद्दल विचाराल म्हणून लिहिते. तो आता सोनापूरनंतर पुढे येऊन बसतो, त्याच रिकाम्या सीटवर. गेल्या महिन्यात एक दिवस कांजूर आलं, त्यानं बॅग पाठीला लावली आणि दारात माझ्यासमोर थांबला. म्हणाला, "ताई, क..." आणि अडकला. मागे हॉर्न वाजत होते. काकांनी आरशात बघितलं, मी हात वर केला, त्यांनी इंजिन बंद केलं. आम्ही थांबलो. बराच वेळ लागला. "कांजूर," तो म्हणाला, आणि उतरून गेला.

ती मुलगी मला सकाळी गेटवर दिसते. वडिलांच्या स्कूटरवरून उतरून हेल्मेट काढत असते. मी बसच्या दारातून हात हलवते. ती आधी डावीकडे बघते, मग उजवीकडे बघते, आणि मग हात कमरेपाशीच ठेवून बोटं हलवते, माझ्यापुरती.

आपली,
एक बसताई
भांडुप, मुंबई